तोंडात कुणी बघितलं नाही

बसडेपोत तिला सगळे पानाबाई म्हणत. नवख्या माणसाला वाटे, बाईला झाडापानांची आवड असावी. तसं काही नव्हतं. हा पाना म्हणजे नट आवळायचा पाना, आणि तो गेली सव्वीस वर्षं तिच्या हातात होता. ती डेपोत फिटर होती. बसखालच्या खड्ड्यात उतरून ब्रेक, क्लच, गिअरपेटी बघायची. सुरुवातीला पुरुष फिटर गालात हसायचे. त्यांनी हात टेकलेल्या गाड्या ती रस्त्यावर आणायला लागली तसं त्यांचं हसू आटलं. कामाला चोख, तोंडाला फटकळ. "गाडी बोलत नाही, आवाज करते," असं ती फोरमनलासुद्धा सुनवायची. "तुम्हाला ऐकायचा कंटाळा, आणि वाईट कोण, तर गाडी."

तिनं लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची डेपोत कुणाची छाती नव्हती आणि घरात विचारून विचारून सगळे दमले होते. वडील ती शाळेत असतानाच गेले. मोठा भाऊ, दादा, विम्याच्या कचेरीत बऱ्यापैकी हुद्द्यावर होता आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला वहिनीसोबत राहायचा. इकडे दोन खोल्यांत पानाबाई आणि आई, दोघीच.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. चौतीस वर्षं. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. एक काढ, दुसरी लाव, "बोला, जोडलंय." तिचा चेहरा शहरात कुणाला माहीत नव्हता, पण आवाज सगळ्यांना माहीत होता. दुकानात ती अर्धा किलो साखर मागायची आणि दुकानदार वजनकाट्यावरून मान वर करून म्हणायचा, "तुम्ही ट्रंक कॉलवाल्या बाई ना?" फोनवर कुणी आरडाओरडा केला तर ती शांतपणे सांगायची, "आधी श्वास घ्या, मग नंबर सांगा." तिच्या वरिष्ठांनी यावरून एकदा तिला लेखी समज दिली होती. आईनं तो कागद जपून ठेवला होता आणि आल्यागेल्याला दाखवायची.

आजाराची सुरुवातही फोनपासूनच झाली. आई घरच्या फोनवरून घरचाच नंबर फिरवायची आणि रिसीव्हर खाली ठेवून तक्रार करायची, "आपल्या घरी कोण एवढं बोलत बसलंय? तासभर लाइन बिझी आहे." पहिल्यांदा पानाबाई हसली. दुसऱ्यांदाही हसली. मग हळूहळू हसणं थांबलं.

गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरचा दवाखाना होता, तिथं ती आईला घेऊन गेली. आई खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर, केस नीट विंचरलेले. डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलंही नाही. पानाबाईला विचारलं, "जेवतात का? झोपतात का? काय काय विसरतात?"

आई म्हणाली, "मी इथं बसलेय. मला विचारा."

डॉक्टर पानाबाईकडे बघूनच हसला. "वय झालं. असं चालायचंच. जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो."

या 'चालायचंच'पायी दीड वर्ष फुकट गेलं. पुढं कित्येक महिने पानाबाईला तो माणूस आठवला की कानशिलं तापायची. पण खरं सांगायचं तर त्या दीड वर्षात तीही काही शहाण्यासारखी वागली नव्हती. आई संध्याकाळी दाराकडे बघत म्हणायची, "हे अजून आले नाहीत." पानाबाई म्हणायची, "आई, बाबांना जाऊन सदतीस वर्षं झाली." आईचा चेहरा उतरायचा. ती बातमी तिला नव्यानं कळायची आणि ती नव्यानं रडायची. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पानाबाईला वाटायचं, खरं ते सांगितलंच पाहिजे. गाडी दुरुस्त करताना ती कधी खोटं बोलली नव्हती.

शेवटी डेपोतल्या एका कंडक्टरनं मोठ्या रुग्णालयातल्या स्मृतिविभागाचं नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची आईच्या समोर ओढली आणि पहिला प्रश्न आईला विचारला, "तुम्ही काय काम करायचात?" आई पाऊण तास बोलली. मग चित्रं ओळखायला लावली, घड्याळ काढायला लावलं, रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन केला. आणि मग दोघींना समोर बसवून सांगितलं की याला डिमेन्शिया म्हणतात. म्हातारपण वेगळं आणि हे वेगळं. हा मेंदूचा आजार आहे, हट्ट नाही, नाटक तर मुळीच नाही. पूर्ण बरा होत नाही, पण सोबतीनं, सवयीनं, थोड्या औषधानं माणूस बराच काळ नीट जगू शकतो.

"वडिलांचं विचारतात तेव्हा मी काय सांगू?" पानाबाईनं विचारलं.

"त्यांची आठवण येते का, असं विचारा. ते कसे होते ते विचारा. त्यांना बातमी नको असते, माणूस हवं असतं."

पानाबाई त्या दिवशी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर आईचा हात धरून बराच वेळ बसली. आपण आईला किती वेळा विधवा केलं, हे ती मोजत होती.

पुढची दोन वर्षं तिनं निभावली. शेजारच्या काकू दुपारी येऊन बसायच्या. मग काकू मुलीकडे राहायला गेल्या, आणि एके दिवशी पानाबाई कामावरून आली तर घरभर गॅसचा वास आणि आई खिडक्या बंद करून शांतपणे पेपर वाचत बसलेली. दादा त्याच संध्याकाळी आला. म्हणाला, "आता पुरे. मी एक संस्था बघितली आहे. चांगली आहे. तू पाळ्या करणार आणि आई एकटी राहणार, हे जमायचं नाही."

त्याचं चूक नव्हतं. पानाबाईला ते कळत होतं आणि तरी त्याचा राग आला.

संस्था दिसायला खरंच चांगली होती. तीन मजले, स्वच्छ फरशा, जिन्याला कठडे, मागं छोटी बाग. एका मजल्यावर एकोणीस वृद्ध. दिवसपाळीला दोन मदतनीस बाया आणि एक सिस्टर. दर मंगळवारी एक डॉक्टर फेरी मारून जायचा. पानाबाईनं पहिल्याच दिवशी आईबद्दल सगळं सांगितलं, ऑपरेटर होती, काय आवडतं, कशानं बिचकते. आणि आई तिथं रुळली. खोल्याखोल्यांतून कुणी ना कुणी हाक मारत असायचं, "कोणी आहे का?" आई आपल्या खुर्चीतून उत्तर द्यायची, "थांबा, जोडून देते. लाइन सोडू नका." आणि नवल म्हणजे हाक मारणारा गप्प बसायचा. कुणीतरी ऐकलं, एवढं त्याला पुरायचं. मदतनीस बायाही हसायच्या. त्यांतली एक थोराड बाई होती, तिला सगळे ताई म्हणत. ती म्हणायची, "आज्जी आहेत म्हणून माझा मजला शांत आहे."

आठ महिने असे गेले. मग डेपोत वार्षिक तपासणी आली, पानाबाईच्या पाळ्या दुप्पट झाल्या आणि ती फक्त रविवारी जायला लागली. त्या दिवसांत रविवारी आई थोडी गप्प असायची. डावा हात कानाशी नेऊन बसायची, तळवा कानावर दाबून.

"आज्जींचा फोन चालू आहे," सिस्टर हसून म्हणायची. "आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर एक्स्चेंज चालतं."

पानाबाईही हसली. आईच्या समोर बसून म्हणाली, "हॅलो, आई, लाइन लागली का?" आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं. तीन रविवार हे असंच चाललं.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, ती खड्ड्यात उतरलेली असताना संस्थेच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "तुमच्या आईंनी आमच्या बाईचा हात चावला. रक्त आलं. जरा येऊन जा."

ती ग्रीसच्या हातांनीच गेली. व्यवस्थापक नीटनेटका माणूस होता, बोलताना टेबलावरच्या वस्तू सरळ करायची त्याला सवय. त्यानं आईची फाइल पुढं सरकवली. गेल्या तीन आठवड्यांच्या नोंदी होत्या. जेवण थुंकते. ताट ढकलते. आंघोळीला विरोध. तोंड धुऊ देत नाही. ओरडते. आणि शेवटी, लाल शाईत, खाली दोन रेघा मारून: 'आक्रमक'.

"मला आधी का नाही कळवलं?"

"आम्ही तुमच्या भावांना कळवलं होतं. त्यांची सही आहे. डॉक्टरांनी शांत राहायच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. मागच्या मंगळवारी थोड्या वाढवल्या. आजार पुढं सरकला की हे होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पानाबाई वर गेली. आई खुर्चीत एका बाजूला कलंडली होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून गाऊन ओला झाला होता. दोन्ही मनगटं सुती पट्ट्यांनी खुर्चीच्या हातांना बांधलेली. पट्ट्या मऊ होत्या, कडेला शिलाईसुद्धा सुबक घातली होती. माणसाला बांधायची वस्तू कुणीतरी एवढी काळजीपूर्वक शिवली होती.

तिनं पट्ट्या सोडल्या. सिस्टर म्हणाली, "अहो, असं करता येणार नाही."

"मी केलंय," पानाबाई म्हणाली. "आता काय करायचं ते तुम्ही बघा."

सुटल्यावर आईचा डावा हात सावकाश उठला आणि कानावर गेला.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. वहिनीनं चहा ठेवला. दादा कचेरीच्या कपड्यांतच होता.

"तू सही केलीस."

"अगं, डॉक्टरांनी सांगितलं. मी काय डॉक्टर आहे?"

"बांधायला परवानगी दिलीस. आपल्या आईला."

"सुरक्षेसाठी असं लिहिलं होतं. तिनं एका बाईला चावा घेतलाय, तुझ्या लक्षात येतंय का? उद्या त्यांनी तिला काढून टाकलं तर? तू नेणार आहेस घरी?"

"आईनं आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नाही. आपल्यावरसुद्धा नाही. ती एकाएकी चावायला लागली, तर का चावली, हे विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"आजारच तसा आहे."

"आजार चार वर्षांचा आहे, दादा. हे थुंकणं-चावणं तीन आठवड्यांचं आहे."

वहिनी चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं बरोबर बोलतायत." दादानं तिच्याकडे असं बघितलं की ती कप ठेवून आत गेली. पानाबाईनं चहा घेतला नाही.

तिनं डेपोत तीन दिवसांची रजा टाकली. तपासणीचे दिवस होते, फोरमन कुरकुरला. पण तिचा चेहरा बघून त्यानं सही केली.

तीन दिवस ती सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत आईच्या शेजारी स्टूल टाकून बसली. बडबड नाही, सूचना नाही, नुसतं बघत बसायचं. नवीन गाडी खड्ड्यावर आली की ती असंच करायची. आधी हत्यार उचलायचं नाही. चालू करायची आणि ऐकायचं.

पहिल्या दिवशी तिला दिसलं की आई चहाचा घोट उजव्या गालात धरते आणि मान तिरकी करून गिळते. दुसऱ्या दिवशी दिसलं की पाण्याचा पेला ओठाला लागला की तिचे डोळे घट्ट मिटतात. मदतनीस बाई घाईत होती, तिला अजून आठजणांना भरवायचं होतं. तिनं चमचा डावीकडून आत सारला आणि आईनं किंचाळून तिचा हात झटकला. घोटून मऊ केलेलं जेवण भिंतीवर उडालं. "बघा," मदतनीस म्हणाली, "असं करतात." तिसऱ्या दिवशी सकाळी पानाबाईनं ओला रुमाल घेऊन आईचा चेहरा पुसायला सुरुवात केली. उजवा गाल, कपाळ, हनुवटी, सगळं आईनं पुसू दिलं. रुमाल डाव्या जबड्यापाशी आला आणि आईनं तिचं मनगट पकडलं. एवढ्या जोरात, की गोळ्यांनी गुंगलेल्या बाईत एवढी ताकद कुठून आली असं वाटावं. जबड्याखाली एक गाठ होती. गरम.

पानाबाईनं रुमाल बाजूला ठेवला. कानावरचा तो हात. तीन रविवार ती त्याला टेलिफोन समजून हसली होती. आईचं आख्खं आयुष्य माहीत असणं, त्याचा तिनं आणि या सगळ्यांनी मिळून काय उपयोग केला होता? एक विनोद केला होता. बाई महिनाभर दुखऱ्या जबड्यावर हात दाबून बसली होती आणि माणसं तिला नंबर विचारत होती.

ती खाली व्यवस्थापकाकडे गेली. "आईच्या तोंडात शेवटचं कुणी बघितलं?"

"म्हणजे?"

"दात. हिरड्या. कुणी बघितल्या?"

त्यानं फाइल चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. रक्तदाब होता, वजन होतं, शौचाची वेळ होती. वजन महिन्यात चार किलो उतरलं होतं, तेही कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. तोंडाबद्दल एक ओळ नव्हती.

"त्या तोंड उघडत नाहीत," तो म्हणाला. "अशा पेशंटला दातांच्या डॉक्टरकडे नेणं फार जोखमीचं असतं. भूल द्यावी लागेल. तुमच्या भावांची संमती..."

"टॅक्सी बोलवा. नाहीतर मी डेपोतून बस आणते."

तो टेबलावरचं पेन सरळ करायला लागला, पण टॅक्सी आली.

दातांची डॉक्टर साठीची बाई होती. तिनं आईला खुर्चीत आडवं केलं नाही. स्वतः खाली बाकड्यावर बसली. आरसा आईच्या हातात दिला, बघू दिला. दिवा स्वतःच्या तळहातावर पाडून दाखवला. "दुखतंय ना? कुठं ते मला दाखवा. मी विचारल्याशिवाय हात लावणार नाही." वीसेक मिनिटं गेली असतील. मग आईनं आपलं आपण बोट तोंडात घातलं आणि ओठ खाली ओढला.

डाव्या बाजूची खालची दाढ मधोमध चिरली होती. मुळाशी पू झाला होता, हिरडी लिंबाएवढी सुजली होती, आणि सूज खाली गळ्याच्या दिशेनं उतरायला लागली होती.

"हे किती दिवस आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"महिना."

त्यांनी दिवा बंद केला. "मला असा दात दोन दिवस दुखला असता तर मी दवाखाना फोडला असता. यांनी फक्त चावा घेतलाय."

त्याच दिवशी जागा बधिर करून पू काढला, औषधं सुरू केली. पाच दिवसांनी दाढ काढली. या दोन्ही वेळी आईनं कुणाला चावा घेतला नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती, पानाबाईचा अंगठा तिच्या मुठीत.

पुढच्या मंगळवारी पानाबाईनं दादाला कचेरीतून उठवून आणलं आणि डॉक्टरच्या फेरीच्या वेळी दोघं संस्थेत हजर झाले. डॉक्टर तरुण होता, हातात फोन, पुढच्या मजल्याची घाई. पानाबाईनं एका प्लास्टिकच्या डबीतली दाढ त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"ज्याच्यावर तुम्ही झोपेच्या गोळ्या देत होतात, ते."

डॉक्टरनं एक्स-रे बघितला. खुर्चीत मागं टेकला. "हे बघा, अशा पेशंटना काय होतंय ते सांगता येत नाही. हीच तर अडचण असते."

"तिनं सांगितलं होतं," पानाबाई म्हणाली. "थुंकून सांगितलं, ताट ढकलून सांगितलं, ओरडून सांगितलं. कुणी ऐकेना तेव्हा चावून सांगितलं. आणखी कसं सांगायचं माणसानं? तुम्ही तिचे हात बांधलेत, मग गोळ्या देऊन जीभ बांधलीत. ती गप्प झाली तेव्हा फाइलीत लिहिलंत, 'सुधारणा'. मी वाचलंय. या महिन्यात चार वेळा तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात. एकदा तोंड उघडून बघायला किती वेळ लागला असता?"

"बाई, आवाज खाली..." व्यवस्थापक म्हणाला.

"आमच्या डेपोत ड्रायव्हरनं तक्रार लिहिली की खाली दोन रकाने असतात. कारण काय सापडलं, आणि काय दुरुस्ती केली. 'गाडी रागीट आहे' असं कुणी लिहिलं तर फोरमन वही तोंडावर मारेल. बसला एवढा मान आहे. माझ्या आईला नाही."

दादा खाली मान घालून त्या डबीकडे बघत होता. पानाबाईनं फाइल ओढली, पेन घेतलं आणि लाल शब्दावर आडवी रेघ मारली.

"नातेवाइकांना फाइलीत लिहायची परवानगी नाही," व्यवस्थापक म्हणाला.

दादानं मान वर केली. "लिहू द्या तिला," तो म्हणाला. महिनाभरात तो एवढं एकच वाक्य ठीक बोलला होता.

तिनं लिहिलं: 'कारण: खालची डावी दाढ, मुळाशी पू. दुरुस्ती: दाढ काढली.' खाली तारीख टाकली आणि सही केली, डेपोतल्या दुरुस्तीच्या जॉबकार्डावर करायची तशीच.

जाताना ती जिन्यात मदतनीस ताईंना भेटली. चावा यांच्याच हाताला बसला होता, पट्टी अजून होती. पानाबाई म्हणाली, "आईच्या वतीनं माफी मागते."

ताईंनी पट्टीवरून हात फिरवला. "त्यांचं काय चुकलं? त्या थुंकायला लागल्या तेव्हाच मी सिस्टरला म्हटलं होतं, आज्जींचं तोंड वास मारतंय, आत काहीतरी झालंय. सिस्टर म्हणाल्या, तू तुझं काम कर. आम्ही दोघी आणि एकोणीस माणसं. एकेकाला भरवायला सात मिनिटं मिळतात. सात मिनिटांत तोंडात काय बघणार? आणि बघितलं तरी माझं कोण ऐकणार?"

म्हणजे माहीत होतं. या इमारतीत एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर उभं होतं म्हणून ते ज्ञान कुठं पोचलंच नाही. डॉक्टरवरचा राग एक वेळ गिळता आला असता. हा गिळता येईना.

स्मृतिविभागातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत, टप्प्याटप्प्यानं उतरवल्या. त्या म्हणाल्या, वागणं एकाएकी बदललं की आधी दुखणं शोधायचं, लघवीचा जंतुसंसर्ग शोधायचा, पोट साफ आहे का, कान, डोळे, दात, नवीन औषध काही सुरू झालंय का, हे शोधायचं. आजाराकडे बोट सगळ्यात शेवटी. पानाबाईनं हे सगळं एका कागदावर उतरवून घेतलं आणि संस्थेच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीला चिकटवलं. दोन वेळा तो कागद काढला गेला. तिसऱ्यांदा तिनं डेपोतून पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि भिंतीत चार स्क्रू आवळले.

आई भानावर आली, पण पूर्वीची नाही. दीड महिन्याच्या गुंगीत पायातली ताकद गेली ती गेलीच. जिना आता तिच्यानं होत नव्हता. बोलणंही कमी झालं. एखाद्या दुपारी कुणाची हाक आली की ती म्हणायची, "थांबा," आणि पुढचे शब्द सापडायचे नाहीत. सुधारणा बघून व्यवस्थापक खूश होता. पानाबाईला मात्र गेलेलं दिसायचं. आजारानं जे न्यायचं ते आजार नेतच होता, त्याच्याशी तिचं भांडण नव्हतं. पण हे पाय आजारानं नेले नव्हते.

तिनं इतर नातेवाइकांना गाठायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्या गवंड्याच्या सुनेला विचारलं, "तुमचे सासरे आंघोळीला ओरडतात, त्यांचा खांदा कुणी तपासला का?" सुनेनं आधी नाक मुरडलं. आठ दिवसांनी तिचा फोन आला, खांदा निखळलेला होता. अशी चार-पाच घरं जमली. त्यांनी मिळून पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं, मग व्यवस्थापनाच्या सभेत जाऊन बसले. दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी सुरू झाली. मनगटाच्या पट्ट्या गेल्या. प्रत्येक मजल्यावर तिसरी मदतनीस आली, तीही फक्त जेवणाच्या वेळेला. यापलीकडे काही झालं नाही. त्या तरुण डॉक्टरची मंगळवारची फेरी अजून चालू आहे. तो आता तोंडात बघतो, विशेषतः पानाबाई समोर असली की.

दादाशी तिचं बरेच महिने कामापुरतंच बोलणं होतं. तोही चुकवायचा. पण शनिवारची जबाबदारी त्यानं आपणहून घेतली. वहिनी सांगायची, आदल्या दिवशी तो आरशासमोर उभा राहून दुसऱ्याचे दात कसे घासायचे याचा सराव करतो. पानाबाईनं ऐकून घेतलं.

परवाच्या शनिवारी ती खड्ड्यातून वर येत असताना त्याचा फोन आला.

"ऐक. आई सकाळपासून गोंधळलेली आहे. मला बाबा समजतेय, आणि सारखी उठायला बघतेय. सिस्टर म्हणाली, आजार वाढला असेल. मी म्हटलं, आधी लघवी तपासा. नमुना पाठवायला लावलाय. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," पानाबाई म्हणाली. तिनं खांद्यानं फोन कानाशी धरून हात पुसले. "तिचे मोजे काढून पायही बघ. टाचांना काही लागलंय का बघ. मी कपडे बदलून निघतेच. तोपर्यंत ती उठायला लागली तर बसवू नकोस, तिच्याबरोबर चार पावलं चाल."